अखंडबाईचा जोड

जोडाचं पांघरूण आणि उष्टं ताट माझ्या घरातून कोणापुढे जात नाही, असं मी आयुष्यभर चारचौघांत सांगत आले. बाजारात सांगितलं, विहिरीवर सांगितलं, कोणी विचारलं नाही तरी सांगितलं. आमच्या रजईत कापसाचा थर एकच असतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मध्ये तुकडा नाही, सांधा नाही. त्यावरून गावाने मला अखंडबाई नाव ठेवलं. ठेवणाऱ्यांनी चेष्टेने ठेवलं, मी मानाने घेतलं.

त्या सकाळी मी अंगणात रजईची खोळ उलटी करत बसले होते. मुलगा कापूस आणायला गिरणीत गेला होता, तो यायची वेळ झाली होती. आमच्या गाडीचा आवाज मला लांबून कळतो. भरलेली गाडी दमलेल्या बाईसारखी येते, रिकामी गाडी उनाड पोरासारखी. ही खडखडत आली.

“कापूस कुठाय?” मी विचारलं.

“पाण्यात.”

“कुणाच्या पाण्यात?”

“नदीच्या. वर कुठेतरी बांध फुटला आणि गिरणीच्या आवारात नदी शिरली, आई. थराच्या गुंडाळ्या नुसत्या फुगून पडल्यात, मेलेल्या म्हशींसारख्या. मालक स्वतः गुडघाभर चिखलात उभा होता. म्हणाला, थंडी सरल्यावर या.”

“थंडी सरल्यावर रजईने वारा घालायचा काय?”

“मी हेच म्हणणार होतो. पण तो रडत होता.”

मी खोळ खाली ठेवली. आमच्या गावावरच्या टेकडीवर एक दवाखाना आहे. छातीच्या आजाराची माणसं तिथे महिने महिने राहतात. तिथल्या रजया दरवर्षी आमच्याच घरून जातात. यंदा तिथे नवी खोली बांधली होती, खाटा येऊन पडल्या होत्या आणि दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी त्या सगळ्या खाटांच्या रजया आम्हाला सांगितल्या होत्या. निम्म्या शिवून झाल्या होत्या. निम्म्या खोळी घड्या घालून रिकाम्या पोटी बसल्या होत्या. आणि मोठ्या बाई जाता जाता काय बोलून गेल्या होत्या? “जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी शहरातून यंत्रावरची पांघरुणं मागवते. मात्र एकदा मागवली की मग दरवर्षी तीच.” ते वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं बसलं होतं. टेकडीचं काम गेलं तर आमच्या घरात उरतं काय? उशा आणि माझं तोंड.

आमचे हे कोपऱ्यात दोऱ्याला मेण लावत बसले होते. तरुणपणी ह्यांनी कापूस पिंजला. तो कापूस ह्यांच्या छातीत जाऊन बसला आणि एका हिवाळ्यात हे स्वतः टेकडीवर खाटेवर पडून होते. म्हणून आमच्या घरात एक पद्धत आहे. रजई तयार झाली की ती ह्यांच्या अंगावर घालायची. ह्यांनी ओसरीच्या सावलीत आडवं व्हायचं. कुठे गार लागलं तर हे बोट लावून दाखवतात, आम्ही उसवतो. झोप लागली तर रजई पास. घोरले तर उत्तम.

“आता काय करायचं?” मुलाने विचारलं.

मग सून बोलली. ती बोलणारच.

“आई, माळ्यावर रजयाच आहेत. फक्त त्या अजून एकमेकींना भेटलेल्या नाहीत.”

माळ्यावर पोती होती. सलग थर कापला की कडेचं उरतं, कधी हातभर, कधी वीतभर. ते मी टाकत नाही, उशांत भरते. पण वर्षाला लागतात किती उशा? पोत्यांवर पोती चढली होती.

ही माझी सून खालच्या गल्लीतल्या गादीवाल्याची भाची. मामाच्याच घरी वाढलेली. तो गादीवाला तुकडे जोडून रजया भरतो, आणि त्यावरून मी त्याला भर बाजारात जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती या घरात आली त्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, “मामाकडचं शिक्षण उंबऱ्याबाहेर ठेवायचं.” ती म्हणाली, “ठेवते. पण पावसात भिजलं तर तुम्ही भरून द्यायचं.” तेव्हाच मी ओळखलं, ही गरीब गाय नाही.

“माझ्या घरात जोड?” मी म्हणाले.

“मग माझ्या घरात म्हणा. मीही इथेच राहते.”

“बघ, बघ तुझी बायको काय बोलते,” मी मुलाकडे वळले. तो बैल सोडायचं निमित्त करून मागे गेला. पुरुषांना अशा वेळी बैल फार आवडतात.

आमचे हे मेणावरून मान न उचलता म्हणाले, “भिंत काय एका विटेची असते?”

“तुम्ही दोरा बघा.”

“बघतोय. यालाही मध्ये गाठ आहे.”

दुपारपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. जेवताना नाही, भांडी घासताना नाही. मग शिडी आणायला मी स्वतःच गेले. हो म्हणणं मला जमत नाही, शिडी लावणं जमतं.

पोती खाली आली. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला तो कापूस. तुकडे पापडासारखे चपटे झाले होते. सुनेने ते अंगणात उन्हात पसरले. ऊन खाऊन ते हळूहळू वर आले, जसा आजारी माणूस उठून बसतो. मग आम्ही दोघी छडी घेऊन हलक्या हाताने झोडपायला बसलो. कापसाची बारीक फुलं उडायला लागली, माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या. ह्यांना आम्ही आत पिटाळून दार लावून घेतलं. छातीला ते चालत नाही.

“जोरात मारू नका,” सून म्हणाली, “जाग आली पाहिजे, मार लागायला नको.”

“मला झोडपायला शिकवू नकोस. नवरा बघ माझा, किती सरळ आहे.”

आतून खोकला आला, की हसू, ते कळलं नाही.

मग तिने एक एक तुकडा खिडकीसमोर धरला. जिथून उजेड जास्त आला तो पातळ, जिथून कमी आला तो जाड. पातळ एका बाजूला, जाड दुसऱ्या बाजूला. पातळाला जाड जोडायचा नाही, असं तिचं म्हणणं. जोडला तर रजईला पायरी पडते. मी नुसतं बघत होते. बघायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

तुकड्यांची कड कात्रीने सरळ कापलेली होती. तिने ती बोटांनी ओढून विस्कटली. सरळ कड राहू दिलीच नाही, नदीच्या काठासारखी वाकडी केली, आणि शेजारच्या तुकड्याची कड तिच्या मापाने वाकडी केली. एकीचं पोट दुसरीच्या खळग्यात. सरळ जोड घडीवर आला की तिथेच मोडतो, म्हणाली. वाकड्याला घडी सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाभण घेऊन बसले. किती वेळ बघायचं? गुडघे जमिनीवर मुडपत नाहीत, म्हणून खाली उशी घेतली, वर पाठीला उशी घेतली. पहिला जोड घातला. तिने बघितला आणि ओठ दाबले.

“बोल, बोल. पोटात ठेवू नकोस, दुखेल.”

“कडेवर कड चढवलीत तुम्ही.”

“मग काय करायचं? शिवण आहे ना ती? कापडाची कड कडेवर दाबली नाही तर उसवतं.”

“हे कापड नाही, आई. शेजारी शेजारी ठेवा. नुसतं टेकवा.”

“सुटेल.”

“नाही सुटत. दोन्हीकडचे धागे एकमेकांत गुंततात. शेजारी बसलेल्या दोन बायकांचे केस गुंतावेत तसे.”

“तसं असतं तर आपल्या दोघींची केव्हाच वेणी झाली असती.”

ती हसली. मी नाही हसले. म्हणजे थोडी हसले, पण तोंड फिरवून.

मग टाका. माझा हात टाका घातला की ओढतो. आयुष्यभराची खोड. दोरा ताणल्याशिवाय मला तो घातला असं वाटतच नाही.

“ओढू नका,” ती म्हणाली. “टाका ओढायचा नाही, ठेवायचा.”

“ढिला टाका आळशी बाईचा असतो.”

“आणि ओढलेला भांडखोर बाईचा. कापूस गोळा होतो बघा तुमच्या दोऱ्याखाली.”

मी बघितलं. खरंच गोळा झाला होता. मी उसवलं. पुन्हा घातला, पुन्हा ओढला गेला. माझी बोटं माझं ऐकेनात. ती मात्र गुणगुणत, तिरके लांब टाके टाकत, या कडेवरून त्या कडेवर, जणू पाण्यावर काडी ठेवावी तशी सुई पुढे नेत होती. तिची रजई भरली आणि माझी अर्धी राहिली. मुलगा येऊन बघून गेला, काही बोलला नाही. शहाणा आहे. बापावर गेलाय.

चार तुकड्यांचे कोपरे एका जागी येऊ द्यायचे नाहीत, विटांसारखे मागेपुढे ठेवायचे, हे मात्र आमच्या ह्यांनी दारातून सांगितलं आणि सून म्हणाली, “बाबांना कळतं.” झालं. माझ्याच अंगणात माझ्याच नवऱ्याला प्रमाणपत्र मिळालं.

पहिली जोडाची रजई तयार झाली तेव्हा ह्यांना ओसरीवर आडवं केलं. वरून रजई घातली. आम्ही तिघं भोवती उभे, जसं ह्यांचं काही बरंवाईट झालंय. ह्यांनी डोळे मिटले. पाय हलवले. कुशीवर वळले.

“गार लागतं कुठे?” मी विचारलं.

थोड्या वेळाने घोरणं आलं.

सून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, “दमले असतील.”

माझी रजई पूर्ण झाली तेव्हा तीही ह्यांच्या अंगावर घातली. तिच्यात बाकी जोड मी सुनेसारखे घातले होते, पण मध्यावरचा एक जोड माझ्या हाताने जुन्याच खोडीने घातला होता. कडेवर कड. मला त्या टेकवण्यावर शेवटपर्यंत भरवसाच येईना. हे बराच वेळ जागे राहिले.

“ऊब आहे,” म्हणाले. “पण मांडीवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं.”

“या वयात वाटतंय तर नशीब समजा. पास!” मी म्हणाले आणि रजई उचलून घडी घातली. ती थेट तयार रजयांच्या थप्पीत गेली.

पोती संपत आली. पातळ तुकडे होते, जाड संपले. दोन खोळी राहिल्या. आता जाड तुकडे मिळणार कुठे, हे मला माहीत होतं, सुनेला माहीत होतं, मुलाला माहीत होतं. कोणी नाव घेईना.

“मी जाऊन येते मामाकडे,” सून शेवटी म्हणाली.

“तू गेलीस तर तो म्हणेल, म्हातारीने भाचीला पुढे केलं. मीच जाते.”

“तुम्ही?”

“का, माझे पाय त्या गल्लीत चालत नाहीत?”

खालच्या गल्लीत मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. गादीवाला दुकानाच्या पायरीवर बसला होता. गाद्यांमध्ये राहून राहून स्वतःच गादी झालेला माणूस. दुकानात गिऱ्हाइकं होती, दोन-तीन बायका उशा दाबून बघत होत्या. मला बघून तो उठला, आणि तो पटकन उठणारा माणूस नाही.

“या, या, अखंडबाई! वाट चुकलात का?”

“तुकडे पाहिजेत,” मी म्हणाले. अशा गोष्टी कडू औषधासारख्या एका घोटात संपवाव्यात.

“काय म्हणालात? ऐकू नाही आलं.”

ऐकू न येण्यासारखा काही आवाज तिथे नव्हता. बायका उशा दाबायच्या थांबल्या. अडला हरी म्हणतात ती गत.

“तुकडे. कापसाचे. तुझ्या कानात घालून काही उरले असतील तर दे.”

बायका फिदीफिदी हसल्या. तोही हसला, पोट धरून हसला, आणि आत गेला. मला वाटलं होतं तो बाजारातलं एकेक वाक्य काढून माझ्यापुढे मांडेल. तो पोतं घेऊन आला. मी हात घालून बघितलं. जाड, मऊ, पांढरे स्वच्छ तुकडे. कचरा दिला असता तर मला बोलायला जागा मिळाली असती, तीही नाही दिली.

“निळ्या दोऱ्याने बांधलेत ते एकाच गुंडाळीतले आहेत, मिसळू नका म्हणावं,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून, “पोरगी कशी आहे?”

“जशी दिलीस तशीच. तोंडाळ.”

“आमच्याकडे होती तोवर मुकी होती. संगतीचा परिणाम.”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण पोतं त्याचं होतं. मी ते डोक्यावर घेतलं. कापूस हलका असतो म्हणतात. वजनाला असेल. पण ते पोतं एवढं फुगलेलं की समोरचं दिसेना, आणि मला मात्र सगळी गल्ली बघत होती. खालच्या गल्लीपासून वरच्या गल्लीपर्यंत अखंडबाई डोक्यावर तुकडे घेऊन चालली. न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला, त्याच्यामागे अर्ध्या गालाला फेस लावलेला माणूस आला. मी म्हणाले, “आत जा, फेस वाळेल.”

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी हवा बदलली होती. सकाळी तोंडातून वाफ निघत होती. दवाखान्याची गाडी दाराशी लागली. बाई उंच, हाडकुळ्या, हाताची बोटं लांब. त्या रजई विकत घेत नाहीत, तपासतात. रजई ओसरीवर पसरायची, त्या डोळे मिटतात आणि दोन्ही पंजे सपाट ठेवून वरून खाली फिरवतात. रोग्याची छाती तपासावी तशा. कुठे गोळा लागला, कुठे खळगा लागला, की बोट थांबतं.

आम्ही रजया एकात एक मिसळून ठेवल्या होत्या, सलग आणि जोडाच्या. बाईंनी एक तपासली, दुसरी तपासली. तिसरी जोडाची होती. सुनेच्या हातची. पंजे वरून खाली गेले, परत वर आले. थांबले नाहीत. मी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला असेल.

अशा कितीतरी झाल्या. बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “म्हणून मी तुमच्याकडे येते. गिरणी बुडाली ऐकलं तेव्हा वाटलं होतं, आता तुम्हीही तुकडे भराल. पण नाही. सलग माल. तुमचं नाव उगाच नाही.”

मुलाने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी सांगत होता, गप्प बस, आई. सुनेने मान खाली घातली. गप्प बसले असते तर गाडी भरली असती, काम राहिलं असतं, नाव राहिलं असतं. सगळं जागच्या जागी.

पण शाबासकी दुसऱ्याच्या चपलेसारखी असते. घातली की लगेच कळतं आपली नाही. आणि खरं सांगू? माझ्या घरात एवढं काम झालं, गुडघे सुजले, डोक्यावरून पोतं आणलं, आणि ते कोणाला कळणारच नाही? मला नाही चालत.

“बाई,” मी म्हणाले, “यातल्या निम्म्या जोडाच्या आहेत.”

मुलाने डोळे मिटले.

“काय सांगता?”

“तुकडे आहेत. माळ्यावरचे, आणि खालच्या गल्लीतले. माझ्या सुनेने जोडलेत. आता तुम्ही शोधून दाखवा. एक जरी जोड हाताला लागला तरी सगळ्या रजया परत ठेवून जा आणि खुशाल यंत्रावरची मागवा.”

“आई!” मुलगा म्हणाला.

“तू बैल बघ.”

बाईंनी बाह्या वर केल्या. त्यांनाही चेव आला होता. पुन्हा पहिल्या रजईपासून सुरुवात. पंजे, मग बोटांची टोकं, मग मुठीने दाबून. रजई उचलून उजेडाला धरली. अंगाभोवती लपेटून घेतली. तपासलेली गाडीत, दुसरी पुढे. सून माझ्या शेजारी उभी होती, तिचा हात थंडगार झाला होता. मला कसं कळलं? तिने माझं मनगट धरलं होतं. मी सोडवून घेतलं नाही.

थप्पी संपत आली. शेवटची रजई राहिली. बाईंनी पंजे ठेवले, खाली आणले, आणि मध्यावर बोट थांबलं.

“हा बघा! हा जोड!”

मी वाकून बघितलं. बघायची गरज नव्हती. कडेवर कड. ओढलेले टाके. कापडाच्या आतून माझा हात मला ओळखू आला. सून आकाशाकडे बघायला लागली, जसं तिथे काही महत्त्वाचं चाललंय. आमचे हे खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, “मी सांगितलं होतं, मांडीवर हात.”

“हा माझा,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“तिचे सगळे जोड गाडीत गेले. हा एक माझा आहे. शब्द माझा होता, जोडही माझाच निघाला. ठेवा रजया परत.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे. मग हसायला लागल्या, आणि हाडकुळी बाई हसली की खांद्यापासून हलते. “ठेवू कशाला?” त्या म्हणाल्या. “रोग्याला जोड दिसत नाही, गार फट लागते. तुमच्या या रजईतसुद्धा फट नाही, नुसता शेताचा बांध आहे मधोमध. ही एक सोडून सगळ्या नेते.” आणि सुनेला म्हणाल्या, “पुढच्या वर्षी तुमच्याच हातच्या लागतील मला. सलग असोत की जोडाच्या.”

सून म्हणाली, “आईंना विचारून सांगते.”

किती गुणाची! सगळं मिळवून वर मला मान देऊन मोकळी.

बदल्यात द्यायची रजई तिने मामाच्या उरलेल्या तुकड्यांतून दुसऱ्याच दिवशी भरली आणि मुलगा टेकडीवर पोचवून आला. आता गावात मी सांगत फिरते, सलग थर काय, कोणीही भरेल, पैसे टाकले की गिरणी देते. जोड घालावा तर आमच्या घरी. शोधून दाखवा. गादीवाला म्हणतो, अखंडबाईने पगडी फिरवली. फिरवीन. डोकं माझं आहे.

माझी ती रजई घरातच राहिली. मी उसवायला घेतली होती. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं, दाभण हातात होता, दोऱ्याचं टोकही सापडलं होतं. आमचे हे आले आणि माझ्या हातातून रजई ओढून घेऊन आडवे झाले.

“द्या इकडे. नीट करते.”

“असू दे,” म्हणाले. “हात आहे तिथे.”

आणि मी काही बोलायच्या आत घोरायला लागले.